गोफण आणि चेंडू

माझी भाची सॉफ्टबॉल खेळते. ती पिचर आहे. नुसती खेळाडू आणि पिचर यांत फरक असतो, हे तिने मला एकदा फार गंभीरपणे समजावून सांगितले होते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली असताना, वेणी घालण्यासाठी उजवा हात वर नेताना तिचा चेहरा आक्रसलेला मी पाहिला. खोदून विचारले, तेव्हा हळूच म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस. सर म्हणतात, दुखल्याशिवाय हात तयार होत नाही." तीन दिवसांच्या स्पर्धेत संघाचे सगळे सामने तिनेच टाकले होते. किती चेंडू टाकले, ते कोणीच मोजले नव्हते.

माझा सारा जन्म मराठी भाषा आणि साहित्य यांच्या सहवासात गेला. खांद्याच्या सांध्याविषयी मला काय कळणार? पण सरांचे ते वाक्य मनातून जाईना. मग मी मिळेल ते वाचू लागले.

बेसबॉलच्या इतिहासात एका कोपराची कथा आहे. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध तुटला. त्या काळी पिचरच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता, तो म्हणजे निवृत्ती. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

तुटलेले जोडता येते, हे कळल्यावर ते तुटते कशामुळे, हा प्रश्न अधिक नेटाने विचारला जाऊ लागला. शरीराच्या हालचालींमागील यांत्रिक नियम शोधणाऱ्या शास्त्राला जैवयांत्रिकी म्हणतात. खेळाडूच्या सांध्यांवर प्रकाश परावर्तित करणारे लहान ठिपके चिकटवतात, चहूबाजूंनी अतिवेगवान कॅमेरे लावतात आणि त्याच्या हालचालीचे चित्र संगणकावर उभे करतात. त्यातून दिसून आले, की बेसबॉलचा चेंडू टाकताना दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने फिरतो. हा वेग सेकंदभर टिकला असता, तर हाताच्या एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या! डोळ्याला यातले काहीच दिसत नाही. प्रशिक्षकालाही नाही.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. ज्वारी हुरड्यात आली की ते शेतातल्या माळ्यावर उभे राहून गोफण फिरवीत. मी दंडाच्या जोराने गोफण ओढू लागले की म्हणत, "अगं, हातानं नव्हं, कमरेनं मार." संगणकाचे सांगणे याहून फारसे वेगळे नाही. जोर जमिनीवर रोवलेल्या पायापासून निघतो, कमरेत येतो, धडातून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि शेवटी बोटांत उतरतो. हा क्रम बिघडला, धड वेळेआधीच वळले, की राहिलेली कसर हाताला भरून काढावी लागते. आजोबांना हे ठाऊक होते. मात्र कोणत्या सांध्यावर किती भार येतो, हे त्यांना मोजून सांगता आले नसते.

सॉफ्टबॉलमध्ये हात चक्राकार फिरवून चेंडू खालून टाकतात. खालून टाकल्याने हाताला इजा होत नाही, असा समज दीर्घकाळ होता. त्यामुळे एकाच मुलीकडून लागोपाठ सामने टाकून घेण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. १९९० च्या दशकात प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा या पद्धतीतही खांद्यावर येणारी ओढ बेसबॉलच्या तोडीची असल्याचे आढळले. भाचीचा खांदा पुढच्या बाजूला का दुखत होता, ते मला इथे उमगले.

यंत्र काय करू शकते, याचे एक उदाहरण आपल्याकडचेही आहे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू. २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून त्यांची निवड झाली. लॉस एंजेलिसमध्ये त्यांना शिकवणारे टॉम हाउस हे पिचरच्या हालचालींचे संगणकाने विश्लेषण करणाऱ्या आरंभीच्या प्रशिक्षकांपैकी एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांशी करार केला. ज्यांनी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता, त्यांचे हे यश! पुढे रिंकूला दुखापतींनी बराच काळ मैदानाबाहेर ठेवले, हेही सांगितले पाहिजे.

कारण मोजमापालाही दुसरी बाजू आहे. २०१५ पासून अमेरिकेतील प्रमुख लीगच्या सर्व मैदानांवर प्रत्येक चेंडूच्या वेगाबरोबरच त्याची फिरकीही नोंदली जाऊ लागली. आकडा दिसला की तो वाढवण्याचा मोह आवरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्या लीगनेच प्रसिद्ध केलेल्या अहवालात, वाढत्या दुखापतींचा संबंध वेग आणि फिरकी यांच्या हव्यासाशी जोडला आहे. मला त्यांच्या साऱ्या यंत्रांपेक्षा २०१४ मधील एक साधी नियमावली अधिक मोलाची वाटते. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि नंतर किती दिवस विश्रांती घ्यावी, एवढेच ती सांगते. त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरते.

भाचीच्या गावी प्रयोगशाळा कुठून असणार? तिच्या मैत्रिणीने मोबाइलवर तिचे पिचिंग मंदगतीने टिपले. भौतिकोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि पुढचा पाय टेकण्याआधीच कंबर वळते, हे तिला पडद्यावर बोट ठेवून दाखवले. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नव्हता. त्या काळात ती किती चिडचिडी झाली होती, ते तिच्या आईलाच विचारावे.

आता ती टाकलेले चेंडू वहीत मांडते. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात तिने ठरवलेला आकडा गाठला आणि चेंडू दुसऱ्या मुलीच्या हाती दिला. सामना गेला. सर दोन दिवस बोलले नाहीत, असे तिने फोनवर सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिची वही पाहायला मागून घेतली. ती अजून त्यांच्याकडेच आहे.