मामाचं स्टेशन

आमचं आजोळ इंदूर. अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीत बसायचं, खंडवा मागे टाकायचं, नर्मदा आली की पुलावरून नाणं टाकायचं आणि कालाकुंडची वाट बघायची. तिथे गाडीला मागून दुसरं इंजिन लागायचं. तोवर खिडकीतून पळसाच्या पानातला कलाकंद हातात यायचा. दाणेदार, पानाचा किंचित तुरट वास लागलेला. मग घाट. चाळीस फुटांमागे एक फूट चढ. बोगद्यात डबाभर धूर कोंडायचा, खाली चोरल नदी दिसायची, लपायची. जेमतेम दहा किलोमीटर, पण संपता संपायचे नाहीत. आणि अचानक लख्ख उजेड, भन्नाट वारा, सपाट माळ. माळव्याचं पठार लागलं! स्टेशन पातालपाणी.

"मामाला नमस्कार करा," आई म्हणायची. रुळांजवळच्या देवळाकडे बघून आम्ही हात जोडायचो. आमचा मामा तर इंदूरच्या फलाटावर उभा असणार, मग हा कोण? "हा सगळ्यांचा मामा."

तो तंट्या भिल्ल, हे पुढे वाचून कळलं. सावकारांना लुटून गोरगरिबांना वाटणारा. इंग्रजांनी त्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फासावर चढवलं. त्याचा देह इथे आणून टाकला, असं इकडचे लोक मानतात. गाडी त्याच्यासाठीच थांबायची, असंही. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबायचे, असं रेल्वेतले लोक सांगतात. मला दोन्ही पटतं. असा उतार समोर असताना माणूस ब्रेकही बघणार आणि हातही जोडणार.

घाटातली ही लाइन तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला १०१ वर्षांच्या मुदतीने दिलेल्या एक कोटी रुपयांतून झाली. पण या माळावर कर्ज देणारा राजा कुणाच्या तोंडी नाही. तोंडी आहे तो मामा, आणि ते योग्यच आहे.

२०१७ उजाडलं आणि अकोला-खंडवा छोटी गाडी बंद झाली. आजोळची वाट तुटली. आई तेव्हा दिवसभर गप्प होती. घाटाचा तुकडा मात्र वाचला. २५ डिसेंबर २०१८ पासून पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज गाडी धावू लागली. लेकीला घेऊन मी त्या गाडीने जाऊन आलो. कलाकंद आईसाठी आणला.

पावसाळ्यात इंदूरकडे गेलात, तर नुसता पातालपाणीचा धबधबा बघून परतू नका. मामाला एक नारळ वाहा.