दिवसाची झोप

२०१९ साली गणपती बसलेले असताना अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय एकाखाली एक चालू होते. मोदकाचे साचे कुणाकडे आहेत, आणि बेघरांच्या निवाऱ्याविरुद्धच्या अर्जावर सही केलीत का. नगर परिषदेपुढे दोन जागा होत्या, एक डेकोटो रोडवरची आणि दुसरी सिटी हॉलच्या मागचं पार्किंग. दोन्हीकडच्या रहिवाशांचं म्हणणं एकच होतं, निवारा हवा पण तिकडे. विसर्जनाच्या दोन दिवस आधी, १० सप्टेंबरला, परिषदेनं पार्किंगवर शिक्कामोर्तब केलं.

मूळचा नेरूळचा एक दादा त्या काळात फार पेटला होता. एरवी मऊ माणूस, कुणाचे आईवडील भारतातून आले की आपणहून विमानतळावर गाडी घेऊन जाणारा. मला म्हणाला, "रात्री झोपू देत रे, कुणाला नको आहे? पण चोवीस तास? दिवसभर ही माणसं तिथंच?"

मी अर्जावर सही केली नाही. पण परिषदेपुढे जाऊन दोन मिनिटं बोललोही नाही, तेव्हा शहाणपणा सांगण्यात अर्थ नाही. दादाचं ते 'दिवसभर' मात्र माझ्या डोक्यात रुतून बसलं, कारण मी वाशीचा आहे.

माझे वडील एपीएमसीत एका आडत्याकडे हिशेब लिहायचे. सुट्टीत त्यांचा डबा पोचवायला मी जायचो. दुपारी मार्केट म्हणजे झोपलेला गाव. गाळ्याच्या कडेला, रिकाम्या बारदानावर, हातगाडीखाली माणसं आडवी. भाजीच्या गाड्या रात्री लागतात, माल पहाटेच्या आत उतरवावा लागतो, त्यामुळे हमालाची रात्र दुपारीच उगवते. बरेचसे साताऱ्याकडचे. ज्यांना टोळी होती, खोली होती, ते खोलीवर जात. ज्यांना नव्हती ते तिथंच. एक जण कायम तोंडावर ओला गमछा टाकून झोपायचा, आणि झोपेतच ऊन सरकेल तसा सावलीकडे सरकत जायचा. मी डबा देऊन परत निघेपर्यंत तो हातभर तरी पुढे गेलेला असे. अशा माणसाला 'रात्र निवारा' देऊन काय करायचं? रात्री तो कामावर असतो.

आमची नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. तिनं आखलेल्या शहराचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. शाळेला भूखंड, बाजाराला भूखंड, देवळाला भूखंड. दुपारी दोन वाजता पाठ टेकायला मात्र त्या नकाशात जागा नव्हती. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांना सांगितलं की दर लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा, बारा महिने आणि चोवीस तास उघडा. नंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही निवारा चोवीस तासांचाच धरला गेला, माणशी ५० चौरस फूट जागा धरून. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या अकरा लाखांवर होती. म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं अकरा निवारे.

फ्रीमाँटचा निवारा २०२० मध्ये उघडला. पंचेचाळीस माणसांची सोय. दारात येऊन उभं राहिलं की खाट मिळते असं तिथं नाही. आधी नाव ठरतं, मग माणूस आत येतो, काही महिने राहतो, आणि तेवढ्यात त्याच्यासाठी घर शोधायचं काम चालतं. मी नंतर कितीदा तरी तिथून गेलो, रांग अशी दिसली नाही. रांग लागते ती रात्रीपुरत्या निवाऱ्याला. संध्याकाळी दार उघडायची वाट बघत माणसं जमतात आणि सकाळी पिशवीसकट सगळ्यांना बाहेर काढलं जातं. मग ती जाणार कुठं? बागेत, वाचनालयात, स्टेशनवर, तुमच्या दुकानाच्या पायरीवर. दादाला ज्याची भीती होती ते चोवीस तासांमुळे होत नाही, दार सकाळी बंद केल्यामुळे होतं.

याच फ्रीमाँटमधल्या नाइल्स गावठाणात चार्ली चॅप्लिननं १९१५ साली 'द ट्रॅम्प' चित्रित केला होता. गावाला त्याचं कौतुक आहे, दुकानांत त्याची टोपी नि काठी दिसते. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत शहरानं सार्वजनिक जागी तंबू ठोकून राहण्यावर बंदी घातली. अशांना मदत करणारेही अडकतील असं एक कलम त्यात होतं, ते मार्चमध्ये काढावं लागलं. पडद्यावरचा भटक्या मुक्कामाला राहत नाही, ही त्याची मोठी सोय.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर वाशीला गेलो तेव्हा आमच्या सोसायटीची सभा होती. जवळच्या समाजमंदिरात निवारा येणार अशी कुणकुण कुणाला तरी लागली होती. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी विषयपत्रिकेवर तिसरा क्रमांक. फ्रीमाँटमधलेच शब्द. मुलीबाळी, भाव पडतील, आमचा विरोध नाही पण. शेवटी एका काकांनी तोडगा काढला, "रात्रीपुरता करा. सकाळी सहाला बाहेर."

मी फ्रीमाँटचं सांगायला तोंड उघडलं तर सेक्रेटरी हसून म्हणाले, "तुमच्याकडचं वेगळं असतं हो." गप्प बसलो.

आई सहसा सभेत बोलत नाही. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आपला रात्रीचा वॉचमन दिवसा कुठं झोपतो?"

सगळ्यांना ठाऊक होतं. मीटर रूममध्ये, पुठ्ठा अंथरून. मीटर रीडिंगवाला आला की उठतो आणि तो गेला की परत आडवा होतो. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चौथा विषय घेतला, पाण्याची टाकी धुण्याचा.