बाहेरून कुलूप, आतून कडी

कडी लागल्याचा आवाज जेमतेम अकरा फ्रेमचा असतो. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर अर्धा सेकंदसुद्धा भरत नाही. गेल्या दिवाळीपासून मी या अकरा फ्रेमभोवती घुटमळतो आहे. तीस वर्षं संकलन करताना ज्या कानाच्या जोरावर पोट भरलं, त्या कानाचं काय झालंय ते या अकरा फ्रेमनी मला दाखवलं. म्हणून हे लिहितो आहे.

सीन असा. आमच्या उमापुरातली संध्याकाळ, दिवाळी नुकतीच सरलेली. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर गेल्यात. गल्लीत ओळीनं कुलपं लागलीत आणि मागं उरलीत म्हातारी माणसं आणि लेकरं. दहा वर्षांची एक मुलगी हातात पणती घेऊन शेजारच्या बंद घरापुढं येते. शेजारीण ऊसतोडीला जाताना सांगून गेलीय, 'उंबऱ्यावर तेवढा दिवा लावत जा.' मुलगी वाकते, पणती ठेवते. डोळ्यांपुढं कुलूप. आणि आतून कडी लागल्याचा आवाज येतो. तिथं पडदा काळा, सिनेमाचं नाव, आणि मग आठ मिनिटांची रहस्यकथा.

कल्पना माझी नव्हे, माझ्या विद्यार्थिनीची. तिला ती शोधावी लागली नाही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिचे आईवडील असा एक कोयता. उचल घेतली की घराला कुलूप, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येईपर्यंत ही आजीकडं. बंद घरापुढून रोज शाळेत जाणाऱ्या पोरीला कुलपाची भीती शिकवावी लागत नाही. मी पुण्यातलं काम आवरून गावी येऊन राहिलो, तेव्हा ती माध्यमाचा अभ्यासक्रम करत होती. शेवटच्या वर्षाच्या फिल्मचे कागद घेऊन ओसरीवर आली. पहिला सीन वाचला आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच मिनिटाला मी तिच्या हातातून पेन घेतलं, हेही सांगितलं पाहिजे.

अडचण मला लगेच दिसली होती. पडद्याबाहेरचा आवाज कशाचा, हे प्रेक्षकाला कसं कळणार? कुलूप दिसतं, कडी दिसत नाही. खळ्ळ झालं, एवढंच. ते भांडं असेल, उंदीर असेल, वाऱ्यानं पत्रा हलला असेल. आवाज डोळ्यांना दिसायला हवा असेल तर तो आधी एकदा चित्रासकट दाखवून ठेवावा लागतो. फ्रिट्झ लांगनं १९३१ साली 'एम'मध्ये हेच केलं. सुरुवातीलाच खुनी शीळ घालतो, तेव्हा आपल्याला त्याचा चेहरा नीट दिसतही नाही, पण शीळ डोक्यात बसते. पुढं एक आंधळा फुगेवाला त्या शिळेवरूनच त्याला ओळखतो. लांगचा हा पहिला बोलपट. त्याच सुरुवातीत आई मुलीची वाट बघत जेवणाचं टेबल मांडते, हाका मारते, आणि तिच्या हाकांवर रिकामा जिना, रिकामा माळा, रिकामी थाळी दिसत राहते. खून दाखवलेलाच नाही. चेंडू घरंगळत येतो, फुगा तारांत अडकतो. मी हा भाग शिकवताना किती वेळा दाखवला असेल त्याला गणती नाही.

तेव्हा मी ठरवलं, मुलगी स्वतःच्या घरातून निघण्याआधी आतल्या कडीचा क्लोज-अप घ्यायचा. आजी कडी लावतेय, काढतेय, स्वच्छ आवाज. मग शेजारच्या दारातून तोच आवाज आला की प्रेक्षक दचकेल. माझ्या हिशेबानं प्रश्न मिटला होता.

आवाज आमच्याच घरच्या कवाडाचा घेतला. जुनं कडुलिंबाचं दार, दोन पिढ्यांचा हात लागून कडी गुळगुळीत झालेली. नीट ऐकलं तर या आवाजाचे तीन तुकडे पडतात. आधी कडी उचलताना लोखंडावर लोखंड घासतं. मग ती कोयंड्यावर बसते, तेव्हा टणकन बारीक ठोका. आणि शेवटी सबंध कवाड चौकटीत ओढ घेतं, तो जाड दबका धप्प. पहिले दोन उंच पट्टीतले, तिसरा खालच्या. पत्र्याच्या दाराला हा तिसरा तुकडा नसतोच, नुसतंच खडखडतं. म्हणून मी पत्र्याचं दार नको म्हणालो, आणि त्यात मी बरोबर होतो.

पहिलं संकलन झालं. ओसरीवर धोतराचा पडदा बांधून गल्लीतल्या पंधरावीस जणांना दाखवलं. पणती उंबऱ्यावर टेकली, कुलूप दिसलं, मी धरलेला चार सेकंदांचा थांबा, कडी. कुणी हललं नाही. पुढं बसलेल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "आतनं भांडं पडलं का काय?" शेजारी म्हणाला, "मांजर असंल." मांजर म्हटलं की रहस्यकथा संपली. पुढच्या आठ मिनिटांत काहीही दाखवा, माणूस मांजर शोधत बसतो.

मी दोष थांब्याला दिला. चारचे पाच सेकंद केले, मग सहा. आवाज वर नेला, आणखी वर नेला. मग मला मोह झाला की कडी वाजण्याआधी पणतीची ज्योत एकदा बाहेरच्या बाजूला लवावी, म्हणजे आत कुणी हललं असं कळेल. पोरीनं ऐकलं नाही. "सर, मग आवाज कशाला पायजे? ज्योतीनंच समदं सांगून टाकलं की." मला राग आला. राग आला कारण ते बरोबर होतं, आणि ज्योतीची कल्पना माझी होती.

त्या रात्री ती हेडफोन लावून तेच दोन आवाज पुन्हापुन्हा ऐकत बसली. मग म्हणाली, "सर, आजीच्या घरात आपण कडी आतून ऐकतो. ती पोरगी तर बाहेर उभीय. आतून ऐकलेली कडी अन् बाहेरून ऐकलेली कडी येक नसती."

"अगं, कडी एक, दार एक. दोन आवाज कुठून आले?"

"तुम्हीच ऐका ना."

मी ऐकलं. मला दोन्ही सारखेच लागले. तिला तसं सांगितलं, आणि ठासून सांगितलं. तिनं काही न बोलता दोन्ही आवाज पडद्यावर एकाखाली एक लावले. पहिल्यात तीन टोकं होती. दुसऱ्यात, म्हणजे बंद दाराबाहेरून घेतलेल्यात, पहिली दोन जवळजवळ पुसलेली, फक्त तिसरा धप्प. लाकूड उंच आवाज अडवतं आणि जाड आवाज सोडतं, हे मी स्वतः वर्गात शिकवत आलोय. ते डोळ्यांना दिसत होतं. कानाला दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला जाऊन कान तपासून आलो. डॉक्टरांनी आलेख पुढं ठेवला. हजार हर्ट्झपर्यंत रेघ बरी, मग उतार, चार हजाराला घसरण, आठ हजाराला तळ. वयोमानानं असंच होतं म्हणाले, उंच पट्टीच आधी जाते. तीस वर्षं हेडफोन लावून बसणाऱ्याची जरा लवकर जात असावी, ही भर माझी. म्हणजे घरातल्या स्वच्छ कडीचे पहिले दोन तुकडे मला ऐकूच येत नव्हते. माझ्या कानावर एक कवाड आधीच लागलेलं होतं. त्यामुळं मला प्रत्येक कडी बाहेरून ऐकलेलीच वाटत होती, आणि तिच्या लेखी दोन वेगळे असलेले आवाज माझ्या लेखी एक होते.

मग तिनं सीन बदलला. क्लोज-अप काढून टाकला. मुलगी पणती घेऊन घराबाहेर पडते, कॅमेरा तिच्याबरोबर बाहेरच. मागं दार लोटलं जातं, आजीचा आवाज येतो, "लवकर ये गं," आणि तिच्या पाठीमागं कडी लागते. गाव अर्धं रिकामं झालं की म्हाताऱ्या अशाच दिवेलागणीला कडी लावून बसतात, त्यात पेरल्यासारखं काही वाटत नाही. तो दबका धप्प प्रेक्षक बाहेरूनच ऐकतो, मुलीच्या कानानं. चाळीस पावलांवर दुसऱ्या दारातून तोच धप्प येतो. फक्त इथं बाहेर कुलूप आहे.

माझ्या क्लोज-अपपेक्षा हे किती साधं होतं! आणि ते मला सुचलं नाही. कान गेला म्हणून सुचलं नाही, असं म्हणून मी सुटू शकत नाही. क्लोज-अप मला हवा होता, कारण क्लोज-अपमध्ये माझं काम दिसतं.

अलीकडं विद्यार्थ्यांच्या रहस्यपटांची सुरुवात बघून माझा जीव तुटतो. गावावरून ड्रोन फिरतो, खाली भुंग्यासारखं संगीत गुणगुणतं, कुणाचे तरी पाय धावतात, धापा ऐकू येतात, आणि कुणीतरी झोपेतून दचकून उठतं. भीती विकत घेऊन आणल्यासारखी. शांतारामबापूंनी १९३७ साली 'कुंकू' पार्श्वसंगीताशिवाय केला, जे ऐकू येतं ते त्या घरातलंच. त्या काळच्या यंत्रांवर हे धाडस करणारी प्रभातची माणसं आपली, आणि आपली पोरं आज फुकटात मिळणारं भीतीचं संगीत चिकटवतात. ते संगीत एकदा चालू झालं की कडीचा आवाज ऐकायला कुणी उरत नाही.

पण सगळंच खालावलंय असं म्हणणं खोटं ठरेल. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात, नागराज मंजुळे यांनी शिकताना 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'ख्वाडा'चे भाऊराव कऱ्हाडेही तिथलेच. सिनेमा शिकायला पुण्यामुंबईत न जाताही ही माणसं घडली. आणि २०१६च्या 'सैराट'चा शेवट आठवा. गाण्यांनी भरलेल्या त्या सिनेमात शेवटी आवाजच काढून घेतलाय, लेकराची पावलं मुकी उमटतात. तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा असूया वाटली होती. संकलकाला दुसऱ्याच्या शांततेची असूया वाटते, हे बाहेरच्यांना पटणार नाही.

पुन्हा चित्रण केलं त्या संध्याकाळी आवाज मीच घ्यायला बसलो. दुसऱ्या कुणी बसावं असं मी म्हटलं नाही. आजीनं कडी लावली, मी हेडफोनमधून मान डोलावली, अंगठा वर केला. खरं तर मी रेकॉर्डरच्या पट्ट्या बघत होतो, हिरवं किती वर चढतं ते. पाच टेक झाले आणि पाचही वेळा मी असाच अंगठा दाखवला. पाचव्यांदा पोरीनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं, कॅमेऱ्यावरच्या मुलाच्या कानातला हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला, आणि म्हणाली, "आजी, आणखी एकदा."

सहावा टेक फिल्ममध्ये आहे.

दुसऱ्यांदा गल्लीत दाखवलं तेव्हा मी पडद्याकडं पाहिलं नाही, माणसांकडं पाहिलं. थांबा तिनं सेकंदांवर धरला नव्हता. वाकताना हललेली ज्योत स्थिर होते तेवढाच. धप्प झालं. तेच आजोबा यावेळी काहीच बोलले नाहीत. मागं एक बाई होती, तिनं मान वळवून गल्लीतल्या बंद घरांकडं पाहिलं, आणि मांडीवरच्या नातवाला जवळ ओढलं.

फिल्म आता महोत्सवांना जाणार आहे. श्रेयनामावलीत तिनं 'ध्वनी' यापुढं माझं एकट्याचं नाव ठेवलंय. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला आनंद झाला, साधासुधा नाही, पोरासारखा. ते नाव काढ आणि तुझं घाल, एवढंच तिला फोनवर सांगायचं आहे. रोज दिवेलागणीला आमच्या कवाडाची कडी लावतो, तळहात लाकडावर ठेवून. धप्प हाताला कळतो. तेव्हा ठरवतो, आज करू. अजून केलेला नाही.