ठळक अक्षरांतला आकडा

प्रिय मावशी,

काल फोनवर तुझा आवाज ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. रिपोर्टमध्ये सीआरपी ३.८, शेजारी वर जाणारा बाण. "अंगात कुठंतरी काहीतरी सुरू झालंय" असं तू तीनदा म्हणालीस. लॅबमध्ये हेच आकडे रोज माझ्या हातून जातात, म्हणून नीट लिहिते.

रक्त दिलंस त्याच्या तीनच दिवस आधी तू दाढ काढून घेतली होतीस. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. जखम झाली, जंतू शिरला की काही तासांतच ते वाढू लागतं, दोनेक दिवसांत सगळ्यात वर जातं आणि कारण मिटलं की साधारण दर १९ तासांनी निम्मं होतं. तुझी हिरडी तेव्हा अजून भरून येत होती गं.

आणि दाढ काढली नसतीस, तरी हा आकडा एका जागी थांबला नसता. धडधाकट माणसाचं सीआरपी आज १.२, पंधरा दिवसांनी २, पुन्हा १, असं चालतं. कोलेस्टेरॉल पाच-सहा टक्के इकडेतिकडे होतं, हे मात्र तीस-चाळीस टक्के सहज हलतं. म्हणून निरोगी माणसात आकडा दुपटीपलीकडे गेल्याशिवाय खरा बदल झाला असं ठामपणे म्हणता येत नाही. माणसामाणसांतला फरक तर आणखी मोठा. कुणाचं वर्षानुवर्षं ०.४ च्या आसपास, कुणाचं २.५, आणि दोघंही ठणठणीत. तुझा आकडा तुझ्याच जुन्या आकड्यांशी लावून बघायचा, पण तू तर पहिल्यांदाच तपासलंस. एका तपासणीवर ठळक अक्षरं छापून माणसाला घरी पाठवायचं, समजुतीचा एक शब्दही बोलायचा नाही, याचा मला मनापासून राग येतो. हृदयविकाराचा धोका जोखायलासुद्धा अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये सांगितलं ते हेच: दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा मोजा, सरासरी घ्या.

त्याच रिपोर्टमधल्या ईएसआर २८ चीही धास्ती नको. वयात दहा मिळवून निम्मे करायचे, हा बायकांसाठी त्याच्या वरच्या मर्यादेचा जुना ठोकताळा. तुझ्या ५८ ला तो ३४ येतो.

रिपोर्ट तुझ्या डॉक्टरांना दाखव. ताप आला, सांधे सुजले, वजन उतरू लागलं, तर माझी वाट बघू नकोस. नाहीतर तीन आठवड्यांनी मी येतेच आहे, रक्त मीच घेईन. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा चहा एकत्र घेऊ. तोवर मऊ भात खा आणि दुसऱ्या बाजूनं चाव.

तुझीच,
चिमी