मधुचंद्र, श्रीलंका आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन

ज्या घरांत मध वर्ज्य, त्याच घरांत ‘मधुचंद्र’ हा शब्द मात्र आनंदाने नांदतो. आमच्या विवाहाच्या वेळी, १९८५ साली, तो शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्याची रीत नव्हती. विवाह डिसेंबरात झाला. त्या काळी बँकांचे वार्षिक लेखे ३१ डिसेंबरला बंद होत. त्यामुळे चार दिवसांपलीकडे रजा मिळाली नाही. ‘पुढे कधीतरी जाऊ,’ असे मी सौभाग्यवतींना सांगितले. ते ‘पुढे’ माझ्या निवृत्तीपर्यंत आले नाही. ही थकबाकी मनात असल्यामुळेच की काय, २०२३च्या डिसेंबरात चिरंजीवांचा विवाह झाल्यावर त्यांच्या मधुचंद्राचे नियोजन मी उत्साहाने हाती घेतले.

देश ठरला श्रीलंका. मुंबईहून थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येते, घड्याळाचे काटे बदलावे लागत नाहीत आणि २०२२च्या कर्जसंकटानंतर तेथील चलन घसरल्याने आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनांहून अधिक रुपये मिळतात. महिना मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. या लहानशा बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा पाऊस गॉल, बेंटोटा या बाजूला भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा पाऊस त्रिंकोमलीच्या किनाऱ्यावर असतो. म्हणून फेब्रुवारीत जाणाऱ्याने दक्षिण किनारा धरावा आणि जुलैत जाणाऱ्याने पूर्व किनारा.

मी सात दिवसांचा तक्ता तयार केला आणि त्यात सात ठिकाणे बसवली. पहिल्या ओळीत अनुराधापूर होते. ‘महावंस’ या पाली ग्रंथात नोंद आहे की, राजा पांडुकाभय याने त्या नगरीत जोतिय नावाच्या निर्ग्रंथासाठी निवास बांधून दिला. पुढे गिरी नामक निर्ग्रंथाचा आश्रम राजा वट्टगामणी अभय याने पाडला आणि तेथे बौद्ध विहार उभारला. राजा अभय आणि निर्ग्रंथ गिरी या दोघांच्या नावांवरून तो विहार ‘अभयगिरी’ म्हणून ओळखला गेला. आपल्या श्रमण परंपरेची पावले समुद्रापलीकडे इतक्या प्राचीन काळी पोहोचली होती, ही खूण मुलांनी पाहावी, अशी माझी इच्छा होती. त्याखाली सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, गॉल आणि नीलमांसाठी प्रसिद्ध असलेले रत्नपुरा.

सूनबाईंनी तक्ता शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, “बाबा, सगळे छान आहे. फक्त यात आम्ही दोघांनी बोलायचे कधी?”

मी निरुत्तर झालो. पण खरी अडचण निराळीच होती आणि ती त्यांनी आपल्या सासूबाईंच्या कानावर घातली. चिरंजीवांनी हौसेने समुद्रकिनारी मेणबत्तीच्या प्रकाशातले रात्री आठचे जेवण आरक्षित केले होते. आमच्या घरी चौविहार चातुर्मासापुरता. सूनबाई तो बारा महिने पाळतात. “आई, पहिल्याच प्रवासात त्यांचा विरस नको. तेवढ्या दिवसांची मी सूट घेईन,” असे त्या म्हणाल्या. सौभाग्यवतींनी ही गोष्ट पोटात न ठेवता मुलाला सांगितली. तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने हॉटेलला पत्र लिहिले : जेवण सायंकाळी पाच वाजता हवे. विषुववृत्ताजवळच्या त्या प्रदेशात फेब्रुवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. ताटे उचलली गेल्यावर वाळूवर बसून सूर्यास्त पाहायला दोघांना निवांत वेळ मिळाला. मेणबत्तीची उणीव भासली नाही, असे परतल्यावर चिरंजीवांनी आपणहून सांगितले.

अखेर तक्त्यात तीनच मुक्काम उरले : कँडी, एल्ला आणि गॉल. कँडीजवळचे पेरादेनियाचे वनस्पती उद्यान, तेथून चहाच्या मळ्यांतून एल्लाकडे जाणारी संथ आगगाडी, डेमोदराचा नऊ कमानींचा पूल आणि गॉलच्या डच तटबंदीवरची संध्याकाळ. एवढे पुरेसे ठरले.

अशा प्रवासाचा बेत आखणाऱ्या कुटुंबांसाठी आहाराविषयी दोन शब्द. तेथे ‘शाकाहारी’ एवढे म्हणणे पुरत नाही. पोल संबोल ही ओल्या खोबऱ्याची चटणी दिसायला निर्दोष, पण तिच्यात बहुधा सुक्या माशाची पूड असते. भाज्यांतही ती कधी कधी घालतात. म्हणून ‘मासा नको, सुका मासाही नको, कांदा-लसूण नको’ हे वाक्य सिंहली लिपीत लिहून घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणी दाखवावे. नारळाच्या दुधातला किरीबात हा भात गुळासोबत छान लागतो. म्हशीच्या दह्यावर मधासारखा दाट पाक ओततात. तो पाहून सूनबाईंनी हात आखडला होता. चौकशीअंती कळले की, तो कितुल, म्हणजे आपल्याकडील भेर्ली माड, याच्या रसापासून आटवलेला असतो. मधमाशीचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि हिशेबाचे एक सूत्र. एकूण खर्चाचा दहावा भाग आकस्मिक बाबींसाठी ठेवावा, तसाच एकूण वेळेचा तिसरा भाग काहीही न ठरवता मोकळा ठेवावा. नवदांपत्याचे पहिले संयुक्त खाते बँकेत उघडत नाही. ते अशा बेतातच उघडते. त्यावर वडिलांनी सह्या करू नयेत.

अनुराधापूर तक्त्यातून वगळले गेले, याची मला थोडी रुखरुख होती. सौभाग्यवती म्हणाल्या, “मुलांना कशाला? अभयगिरी आपण पाहू.” पारपत्रे नूतनीकरणासाठी दिली आहेत. या वेळी तक्ता त्या करणार आहेत.