हात वर करण्यापूर्वी

लोहा हे नांदेड-लातूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथे घड्याळ पाहण्याची फारशी गरज पडत नसे, कोणती एस. टी. आली त्यावरून वेळ कळे. २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात त्या गाड्या थांबल्या आणि गावाची वेळच जणू चुकली. स्थानकाच्या फलाटावर शेळ्या बसू लागल्या. रविवारच्या मिस्सेसाठी आम्ही नांदेडला जात असू, तेही थांबले. जीपवाल्यांचे भाडे आमच्या चौघांच्या कुटुंबाला दर आठवड्याला झेपण्यासारखे नव्हते. त्या वर्षीचा आगमनकाळ आम्ही घरीच प्रार्थना करून काढला.

आमच्या शेजारी एक चालक राहतात. कंधार आगारात त्यांची बारा वर्षे नोकरी झाली होती. संपाची हकीकत मी त्यांच्याकडूनच ऐकत असे. ऑक्टोबरच्या २८ तारखेला महागाई भत्ता २८ टक्के झाला आणि संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतले. पण कामगार मात्र मागे फिरले नाहीत. महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे, ही त्यांची मागणी होती. २४ नोव्हेंबरला शासनाने मूळ वेतनात वाढ जाहीर केली : दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना पाच हजार, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना चार हजार व त्यापुढच्यांना अडीच हजार रुपये. वाढ घेऊन कामावर जावे की विलीनीकरणासाठी बसून राहावे, हा प्रश्न आता नेत्यांचा उरला नव्हता. तो घराघरांतल्या चुलीपाशी येऊन बसला होता.

एके संध्याकाळी ते आमच्याकडे आले. वहीच्या एका पानावर त्यांनी आकडे मांडले होते : एका बाजूला चार हजारांची वाढ, दुसऱ्या बाजूला बुडालेला पगार, पतपेढीचा हप्ता, किराणा. खाली एक रेघ मारली होती आणि रेघेखाली काहीच लिहिले नव्हते.

“बाई, कामावर जावं का नाही, समजंना झालंय,” ते म्हणाले.

मी गणिताची शिक्षिका. पण ते पान मी नीट पाहिलेही नाही. कोरोनानंतर आमची शाळा नुकती कुठे उघडली होती. वाड्या-तांड्यांवरच्या मुली एस. टी.च्या मोफत पासावर शाळेत येत. त्या पुन्हा घरी बसल्या होत्या. तो राग माझ्या मनात होता. मी म्हणाले, “दादा, पोरींची शाळा बुडतेय. पगार वाढलाय ना? मग जा आता कामावर.”

“बरं बाई,” एवढेच म्हणून त्यांनी पान घडी करून खिशात ठेवले. चहा अर्धाच राहिला.

ते गेले नाहीत. हिवाळाभर त्यांनी दुसऱ्याचा उसाचा ट्रॅक्टर चालवला. या काळात राज्यातल्या हजारो कामगारांवर निलंबनाची व बडतर्फीची कारवाई झाली, कित्येकांनी जीव दिला. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर येण्यास सांगितले, तेव्हा ते परतले. विलीनीकरण झाले नाही. मुली शाळेत आल्या. मी तो विषय विसरले.

पुढच्याच वर्षी तो माझ्या दारी आला. १४ मार्च २०२३ पासून जुन्या पेन्शनसाठी राज्यातील सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर जाणार होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्या आम्हां लोकांना ती पेन्शन नव्हती. मागणी माझ्या हक्काची होती. पण दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. सभेत हात वर करायचे ठरले. आदल्या रात्री मीही वहीचे एक पान घेऊन बसले आणि मलाही रेघेखाली काही लिहिता येईना.

त्या दिवसांत मी काही वाचन केले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात मजुरीच्या कराराविषयी लिहिले आहे. गरजेपोटी वा भीतीपोटी कामगाराने कठीण अटी मान्य केल्या, तर ती त्याची खरी संमती नव्हे, तो त्याच्यावर झालेला अन्याय होय, असा त्यांचा आशय आहे. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९८१ साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी योग्य मर्यादेत संप न्याय्य मानला; मात्र तो अखेरचा उपाय असावा आणि समाजाला अत्यावश्यक असलेल्या सेवा चालू राहाव्यात, असेही बजावले. म्हणजे माझा पोरींसाठीचा राग खोटा नव्हता आणि शेजाऱ्यांचे पानही खोटे नव्हते. दोन्ही तराजूत घालायचे होते. मी एकच पारडे पाहिले होते.

कायद्यानेही हा विचार केलेला आहे. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात अशी अट आहे, की मान्यताप्राप्त संघटना असेल तर संपाच्या नोटिशीपूर्वी तिच्या बहुसंख्य सभासदांचे मत घेतले पाहिजे. अमेरिकेत विमान कंपन्यांचे वैमानिक व सेवक आपल्या संघटनेने केलेल्या करारावर मतदान करतात. तो फेटाळला तरी संप लगेच होत नाही, मध्यस्थी व त्यानंतरचा तीस दिवसांचा थांबा कायद्याने ठरलेला आहे. विमान असो की एस. टी., प्रत्येकाला एकट्याने, शांतपणे विचार करता यावा, हाच त्यामागचा हेतू. जमावात हात वर करताना माणूस आधी शेजारच्या हाताकडे पाहतो. आमच्या सभेत मी ते पाहिले, आणि मीही तसेच केले.

सभेपूर्वी शेजारचे दादा खाकी गणवेशातच आमच्या दारात थांबले होते. “बाई, तुमचं काय ठरलं?” त्यांनी विचारले. आवाजात टोमणा नव्हता. मी त्यांना बसवले व माझे सगळे पान वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, “मी काय सांगू बाई? मला त्या वक्ताला कुणी इचारलं नव्हतं. तुम्हाला इचारावं वाटलं.”

मी संपात गेले. संध्याकाळी दहावीच्या मुलांना मात्र घरी बोलावून भूमिती शिकवली. २० मार्चला आश्वासन मिळून संप मागे घेतला गेला. १९ तारखेला रविवार आल्यामुळे त्या वर्षी संत जोसेफचा सण २० तारखेला होता. त्या कष्टकरी सुताराच्या सणाच्या दिवशी मी शेजारी जाऊन त्यांची क्षमा मागितली. ते हसले, वहिनींनी चहा ठेवला; या वेळी तो सर्वांनी संपवला.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस कलताना बाजारात उभ्या राहिलेल्या मजुरांना मळ्याचा धनी आधी विचारतो, की तुम्ही असे रिकामे का उभे आहात. त्यांचे उत्तर ऐकल्यावरच तो त्यांना मळ्यात पाठवतो. दाखल्यातल्या मजुरीवर मी अनेक प्रवचने ऐकली. त्या प्रश्नाकडे माझे लक्ष आजवर गेले नव्हते.