मॅगझीनला विरोध करा, पण आधी गोठ्यात काय ठेवलंय ते बघा

येत्या ग्रामसभेत माळावरच्या मॅगझीनचा विषय आहे. तीन दिवस व्हॉट्सॲपवर जे फिरतंय ते बहुतेकांनी वाचलं असेल. "गावाच्या उशाला बॉम्ब", "एक ठिणगी आणि गाव साफ" वगैरे. मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या तर लगेच एका दादांचं उत्तर आलं, तू क्रशरवाल्याचं मीठ खातोस, तू बोलू नकोस. खातो. बारा वर्षं मी एका खडी क्रशरवर हिशेब आणि रजिस्टरं लिहितोय. आणि हे मॅगझीन मागणारा माझा मालक नाही, दुसराच आहे. पण मीठ कुणाचंही असो, माल कुठे ठेवला जातो हे मी रोज बघतो, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, पण सभेला येण्याआधी वाचा.

मॅगझीन म्हणजे स्फोटकांचं कोठार. जिलेटिनच्या कांड्या एकीकडे, डेटोनेटर म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्या वेगळ्या खोलीत. दोन्ही एकत्र ठेवायचे नाहीत, हा पहिला नियम. नुसती कांडी सहजासहजी उडत नाही, तिला उडवते ती कॅप. भोवती कुंपण, वर वीजरोधक, आजूबाजूचं वाळलेलं गवत काढलेलं, रात्रंदिवस पहारा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कांडीची नोंद. परवाना देते 'पेसो' ही केंद्राची संस्था, मुख्यालय आपल्याच नागपुरात. स्फोटकांचा मूळ कायदा १८८४ चा, इंग्रजांच्या वेळचा. सध्याचे नियम २००८ चे. पेसोच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांचा ना हरकत दाखला लागतो, त्यासाठी पोलीस, तहसील सगळीकडून अहवाल जातात. आपल्या ग्रामपंचायतीत आलेलं पत्र त्यातलंच आहे.

आता छोट्या खाणवाल्याचं काय होतं ते बघा. कायद्यात बांधकामाचा दगड, खडी, मुरूम काढणाऱ्या छोट्या उघड्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. अटी तीन. खोली कुठेही सहा मीटरच्या वर नको, दिवसाला पन्नासच्या वर माणसं नकोत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. आपला दगड कुठला? काळा पाषाण. त्याला सुरुंगाशिवाय हात लावता येतो का? म्हणजे पहिल्या बारालाच सूट गेली. मग धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम आले, पात्र ब्लास्टर आला, सगळं आलं. तीन-चार एकरांचा खाणपट्टा असलेला माणूस स्वतःचं मॅगझीन बांधूच शकत नाही. तो परवानाधारक ठेकेदाराला बोलावतो. ठेकेदाराची परवान्याची गाडी येते, त्याचा माणूस होल भरतो, बार उडवतो आणि उरलेला माल घेऊन परत जातो.

कागदावर परत जातो.

आपल्याकडे जो ठेकेदार येतो त्याचं मॅगझीन सत्तरेक किलोमीटरवर आहे. सकाळी गाडी निघते, वाटेत दोन खाणी करते, आपल्याकडे येईस्तोवर ऊन उतरलेलं असतं. होलात पाणी निघालं, कॉम्प्रेसर बंद पडला, पाऊस आला, की अर्धा माल उरतो. उद्या परत यायचंच आहे तर एवढ्यासाठी सत्तर किलोमीटर कोण जाणार? मग ती पेटी राहते. कुणाच्या केबिनमध्ये, कुणाच्या पेंडीच्या खोलीत, कुणाच्या गोठ्यात. रजिस्टरात सगळा माल वापरला अशी नोंद होते. आमच्या खाणीत हे होत नाही, कारण आमचा ब्लास्टर म्हातारा आणि भित्रा आहे, आणि असा भित्रा माणूस मिळणं हे नशीब आहे. सगळ्यांकडे तसा नाही.

हे फक्त खाणींचं नाही. विहिरीचं काम धरा. आपल्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळाभर ट्रॅक्टर-कॉम्प्रेसरवाले फिरतात, होल मारतात, बार उडवतात. त्यांच्यातल्या किती जणांकडे परवाना आहे हे तुम्हीच आठवून बघा. आपण कधी विचारलंय का? पाणी लागलं की पेढे वाटायचे आणि विषय संपला.

वरच्या वाडीतल्या पोराची दोन बोटं गेली ती मॅगझीनमुळे गेली नाहीत. विहिरीच्या मलब्यात पडलेली एक न उडालेली कॅप त्याला सापडली. चकचकीत नळी, दोन रंगीत तारा. त्यानं त्या तारा सेलला लावून बघितल्या. सहावीत होता. गावात त्याची चर्चा चार दिवस झाली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की फटाका फुटला.

त्या तारांच्या कॅपा, इलेक्ट्रिक डेटोनेटर, केंद्रानं १ एप्रिल २०२५ पासून बंद केल्या. बनवायच्या नाहीत, आणायच्या नाहीत, बाळगायच्याही नाहीत. चांगलं झालं. पण लोकांच्या पेट्यांत ज्या उरल्या होत्या त्या कुठे गेल्या? परवान्याच्या मॅगझीनमधल्या मालाचा हिशेब लागतो. गोठ्यातल्या मालाचा लागत नाही, कारण तो कागदावर कधीच उडून गेलेला असतो.

मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यात पेटलावद नावाचं गाव आहे. १२ सप्टेंबर २०१५ ला तिथे सत्तरहून जास्त माणसं मेली. विहिरी-खाणींसाठीचा माल बसस्थानकाजवळ, भर वस्तीतल्या एका इमारतीत ठेवलेला होता. आधी छोटा स्फोट झाला, बघायला गर्दी जमली आणि मग मोठा झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात चिक्कबळ्ळापूरजवळ सहा जण गेले. पोलिसांच्या धाडीच्या भीतीनं खाणीवरचा बेकायदा जिलेटिनचा साठा संपवायला निघाले होते, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात मुंबईत एका गाडीत जिलेटिनच्या वीस कांड्या सापडल्या तर देशभर गहजब झाला. वीस कांड्या! आपल्याकडे एका हंगामात तेवढ्या कुठे कुठे पडून असतात ते मला विचारा.

आता विरोध करणाऱ्यांचं जे खरं आहे ते पण लिहितो, कारण त्यांचं सगळंच चूक नाही. मॅगझीनभोवती सुरक्षित अंतर सोडावं लागतं. माल जितका जास्त तितकं अंतर जास्त. हे अंतर मालकाच्या सात-बाऱ्यावर संपत नाही, शेजारच्यांच्या शेतात जातं. म्हणजे उद्या त्या शेजाऱ्यानं तिथे वस्ती बांधायची म्हटली तर तंटा उभा राहणार. एकतर याचं घर अडणार, नाहीतर त्याच्या परवान्यातला माल कमी होणार. त्या पट्ट्यातल्या तीन शेतकऱ्यांना कुणी विचारलंय? नाही. व्हॉट्सॲपवर गाव साफ होण्याच्या गोष्टी चालल्यात, आणि ज्यांचं खरं नुकसान होणार आहे ते तिघं गप्प बसलेत. दुसरं म्हणजे गाडीचा रस्ता. शाळेसमोरून जाणारा रस्ता मला मान्य नाही, मालकाला मान्य असला तरी.

म्हणून सभेत नुसतं "नको" म्हणून हात वर करू नका. मागणी करा. अंतराच्या आत येणारी जमीन मालकानं विकत घ्यावी, नाहीतर लेखी करार करून दरवर्षी भाडं द्यावं. किती किलोचा परवाना मागितलाय ते आकड्यात सांगावं आणि नकाशा पंचायतीत लावावा. गाडी माळाच्या मागच्या रस्त्यानं जावी, शाळेच्या वेळेत नाही. तालुक्यातल्या छोट्या खाणींना याच मॅगझीनमधून माल मिळावा आणि उरलेला त्याच संध्याकाळी परत यावा. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, नाहीतर कोठार होऊनही गोठे भरलेलेच राहतील. आणि विहिरीवर सुरुंग लावायला येणाऱ्याचा परवाना बघितल्याशिवाय काम द्यायचं नाही, असा ठराव त्याच दिवशी करा. हा ठराव मांडायला मी उभा राहीन. अनुमोदन द्यायला कोण आहे ते कमेंटमध्ये सांगा.

अंतरात येणाऱ्या तिघांपैकी दोघांना आज सकाळी भेटलो. एक म्हणाले, मला कुणी कागदच दाखवला नाही. अर्जाची नक्कल काढून त्यांना देतोय. तिसरे पुण्याला असतात. त्यांचा नंबर कुणाकडे असेल तर मला इनबॉक्स करा, इथे टाकू नका.